एका सांध्याचे अर्थशास्त्र : निमुळते आटे, पूर्वतयारी आणि मानके

(विजय नगर, जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



जबलपूरला यंत्रकामाची जुनी परंपरा आहे. १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. १९६९ मध्ये वाहन निर्माणी आली. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाची जागा सात सरकारी कंपन्यांनी घेतली. व्यवस्थापन बदलले, तरी धातूत छिद्र पाडून आटे कापण्याचे नियम तेच राहिले. या छोट्या कामात विकासाच्या अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे.

बोल्टचे आटे दोन भाग धरून ठेवतात. पाइपच्या निमुळत्या आट्यांना त्याशिवाय पाण्याचा, तेलाचा वा हवेचा दाबही अडवावा लागतो. त्यांचा निमुळतेपणा १ : १६ असतो, म्हणजे १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने घटतो. त्यामुळे पाइप फिरवत नेला की सांधा आवळत जातो. उरलेल्या सूक्ष्म फटी टेफ्लॉन टेपसारख्या साधनाने बुजवल्या जातात.

असे आटे पाडण्यापूर्वी छिद्र दोन प्रकारे तयार करता येते. पहिल्या प्रकारात सरळ छिद्र पाडून थेट टॅप चालवतात. यात वेळ वाचतो; परंतु छिद्राच्या तोंडाशी टॅपला जास्त धातू कापावा लागतो. दुसऱ्या प्रकारात किंचित लहान ड्रिल वापरून, त्याच निमुळतेपणाच्या रीमरने छिद्राला आकार देतात आणि मग टॅप चालवतात. टॅपवरील भार कमी होतो, आटे स्वच्छ येतात. चिवट धातूत हा फरक विशेष जाणवतो. छिद्र प्रमाणापेक्षा मोठे झाल्यास आटे उथळ राहून सांधा गळतो. लहान राहिल्यास टॅप मोडण्याचा धोका असतो.

मानकांचे महत्त्वही येथेच स्पष्ट होते. भारतीय मानक ५५४ मधील आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी पद्धतीत तो ६० अंशांचा आहे. अर्ध्या इंची मापात दोन्हींत इंचाला १४ आटेच असतात. म्हणून चुकीची जोडी फिरू लागते, बसल्यासारखी वाटते आणि दाबाखाली गळते.

रीमरचा खर्च वाचवतो कारखानदार. गळतीचा खर्च सोसतो ग्राहक किंवा ग्रामपंचायत. एका थेंबाचे आकारमान ०.०५ मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब या गतीने वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी वाया जाते. खरेदीच्या वेळी हा दोष दिसत नाही. अर्थशास्त्रात यालाच माहितीची विषमता म्हणतात. अशा ठिकाणी बाजार पुरेसा ठरत नाही; मानके, तपासणी व कुशल कारागीर आवश्यक ठरतात.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे ३.२३ कोटी कुटुंबांकडेच नळजोडणी होती. त्यानंतर कोट्यवधी जोडण्यांची भर पडली. जोडण्यांची संख्या हे योजनेचे एक माप झाले. ते सांधे किती वर्षे कोरडे राहतात, हे दुसरे. म्हणून शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ सारख्या कायद्यांचा अभ्यास करताना कलमांबरोबर कार्यशाळेतील ड्रिल, रीमर आणि टॅप यांचा क्रमही ध्यानात असावा.