वीरमातेचा पुतळा नको, पाळणाघर हवं



सकाळपासून या साहित्य संमेलनाच्या मंडपात क्रांती आणि माता या विषयावर भाषणं चालली आहेत. प्रत्येक भाषणात आई होती आणि प्रत्येक वेळी ती उंबरठ्यावर उभी होती. लेकाला ओवाळणारी, लेकाचं प्रेत मांडीवर घेणारी, डोळ्यांतलं पाणी गिळणारी. ही बाई स्वतः मोर्चात गेली तेव्हा तिचं पोर कुणाकडं होतं, हे एकाही वक्त्यानं विचारलं नाही. अध्यक्षानं शेवटी सगळ्यांचं कौतुक करून खाली बसायचं असतं, हा रिवाज मला ठाऊक आहे. तो आज मी पाळणार नाही. माझं भांडण आपल्या साहित्याशी आहे आणि आपल्या चळवळींशीही आहे. दोघांनी आईचे गोडवे गायले, पण तिच्या डोक्यावरचा भार उतरवायला कुणी हात लावला नाही.

गिरणगाव या वरळीपासून लांब नाही. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागं जवळपास एक बाई होती. वाइंडिंगला, रीलिंगला, नायकिणीच्या, म्हणजे बायकांच्या मुकादमिणीच्या, हाताखाली. बाळंत होऊन ती परत कामावर यायची तेव्हा पोराचं काय करायची? त्याला बाळगोळी द्यायची. त्या गोळीत अफू असायची. भोंगा होईपर्यंत पोर गुंगीत पडून राहायचं आणि आईचा रोज बुडायचा नाही. 1922 साली सरकारनं एका डॉक्टर बाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला लावलं, तेव्हा ही अफू कागदावर आली. आमच्या कथा-कादंबऱ्यांत गिरणीचा भोंगा पानोपानी वाजतो. ही गोळी मात्र शोधत बसावी लागते. ज्या लेखकांना गिरणगावाचे लेखक म्हणून मिरवायचं आहे, त्यांना मी विचारते: तुमच्या नजरेला चिमणी दिसली, संप दिसला, तमाशाचा फड दिसला, झोळीतलं ते गुंगलेलं पोर का दिसलं नाही?

1928 चा गिरणी संप घ्या. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. सहा महिने पगार नाही. ही लढाई लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी लढवली असं आपण शिकलो, आणि ते खोटं नाही. पण सहा महिने चूल कुणी पेटती ठेवली? वाण्याची उधारी कुणी मागितली, भाड्यासाठी दारात आलेल्याला कुणी परतवलं? पुढच्याच वर्षी, 20 मार्च 1929 ला, कम्युनिस्टांवरच्या मीरत खटल्यासाठी या संपाचे एक पुढारी डांगे पकडले गेले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी उषाताई डांगे यांना मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं रोझा, क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गवरून. नवरा तुरुंगात, पदरात तान्ही लेक, आणि या बाई गिरणीतल्या बायकांना उभं करत हिंडत होत्या. उषाताईंनी पुढं आत्मकथा लिहिली. लालबाग-परळच्या पार्वतीबाई भोर यांनी आपली हकिकत सांगितली आणि दुसऱ्यानं ती लिहून घेतली. ही पुस्तकं किती ग्रंथालयांत आहेत, किती अभ्यासक्रमांत आहेत? गॉर्कीची 'आई' मात्र आपल्याकडं घरोघर पोचली. थोर कादंबरी आहे, मी ती डोक्यावर घेते. पण तिथली आई लेकाच्या मागोमाग क्रांतीत येते. आमच्या वाइंडिंग खात्यातली बाई स्वतःच्या रोजासाठी, स्वतःच्या पायांनी आली होती. तिला लेकाची वाट पाहावी लागली नाही.

कायद्याचं पाहा. 1928 च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा सरकारनं हा बोजा उचलला पाहिजे; आणि बाईच्या श्रमातून नफा मिळवणारा मालकही यातून सुटू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली कायदा झाला, देशातला असा पहिला. गिरणीवाल्यांनी काय केलं? हळूहळू बाईच कमी केली. एकटा तो कायदा कारण होता असं मी म्हणणार नाही. नवी यंत्रं आली, रात्रपाळीची बंदी होती, बायकांची खाती मोडली गेली. पण बाई महाग पडते हे मालकाचं गणित उघड होतं, आणि ते गणित युनियनच्या पुढाऱ्यांनाही फारसं खटकलं नाही. पुरुषाला घर चालवण्याइतकी मजुरी मिळाली की बाईनं घरी बसावं, असं त्यांच्याही मनात होतंच. 1982 चा संप झाला तोवर गिरणीत बायका नावापुरत्या उरल्या होत्या. त्या तेव्हा खाणावळी चालवत होत्या, संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालत होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं नसतं, तर या बायकांना बँकेच्या दारात कुणी उभं केलं नसतं.

मोर्चाच्या पहिल्या रांगेत मात्र बाई हवी असते, कारण बाईवर लाठी उचलताना पोलीस कचरतो, असा हिशोब असतो. 22 फेब्रुवारी 1946 ला, नाविकांच्या बंडाच्या दिवसांत, परळला तो हिशोब कामी आला नाही. गोऱ्या सैनिकांच्या गोळीनं परळ महिला संघाच्या कमल दोंदे जागीच गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली, अहिल्या रांगणेकर सोबत होत्या. हुतात्म्यांची नावं घेताना कमल दोंदे हे नाव तुमच्यापैकी किती जणांच्या ओठांवर येतं?

आणि क्रांती जिंकली की सगळं आपोआप होईल, असं सांगणाऱ्यांनी रशियाकडं पाहावं. 1917 ला क्रांतीच्या सरकारात कोलोंताय या बाई मंत्री झाल्या, आई होणं हे समाजाचं काम आहे असं त्यांनी ठणकावून मांडलं. 1920 ला गर्भपात कायदेशीर झाला. 1936 ला त्याच राज्यानं त्यावर बंदी घातली आणि 1944 ला दहा मुलं वाढवणाऱ्या बाईसाठी वीरमातेचं पदक काढलं. पदक आलं की मी सावध होते. पुतळा उभा राहिला की जास्तच.

आईचा भार समाजानं उचलण्याचं मोठं उदाहरण आपल्या मातीतच आहे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं, आणि पुढं तिथं आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. 1897 च्या प्लेगात हा डॉक्टर मुलगा आणि ही आई रोग्यांची शुश्रूषा करत होते. त्यातच सावित्रीबाई गेल्या. जिनं पोटचं मूल जन्माला घातलं नाही, तिनं आईपणाचा रस्ता घरातून काढून समाजात नेला. क्रांती म्हणतात ती हीच.

आता या वरळीचं बोलते, नाहीतर हे सगळं जुन्या कागदांचं वाचन ठरेल. किनारी रस्त्याच्या पुलाखालून तुमच्या बोटी सुखरूप जाव्यात म्हणून हा कोळीवाडा लढला. दोन खांबांमधलं साठेक मीटरचं अंतर 120 मीटर करायला तुम्ही सरकारला भाग पाडलं. मागणी 160 ची होती, म्हणजे लढाई अर्धीच जिंकली. पण नुकसानीचा विषय निघाला की आधी मोजतात ते बोटी, जाळी, इंजिनं. ओहोटीला खडकांत बसून कालवं फोडणाऱ्या बाईचा दिवस कोणत्या रकान्यात बसतो? पाटी घेऊन पहाटे घाऊक बाजार गाठणारी, तिथून दादरला जाऊन बसणारी, तिचं तान्हं कुणाच्या भरवशावर? प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला 26 आठवड्यांची रजा मिळाली, पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. मासळीवाली कुणाचीच नोकर नाही, म्हणून ती त्या कायद्यात कुठंच नव्हती. घर तिच्या कमाईवर चालतं, पैसा तिच्या कमरेला असतो, म्हणून कोळीण मोकळी आहे असं सगळे कौतुकानं सांगतात. बाळंतपणात तिचा बाजार बुडतो, बसायची जागा दुसरं कुणी धरतं, आणि त्या वेळी हे कौतुक करणारा एकही माणूस तिच्या दारात येत नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं मी स्वतः ठराव मांडते. महापालिकेच्या प्रत्येक मासळी बाजारात पाळणाघर असावं आणि बाळंतपणाच्या काळात विक्रेत्या बाईची जागा तिच्याच नावावर राखली जावी. नुकसानीच्या प्रत्येक पाहणीत बोट नसलेल्या कोळणीची नोंद वेगळी व्हावी. आणि इथं बसलेल्या लेखकांनी पुढच्या वर्षभरात या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्या बायांची हकिकत त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी. कुणाला हे साहित्य संमेलनाचं काम वाटत नसेल, तर त्यानं आत्ताच उठून तसं सांगावं, मी उत्तर द्यायला तयार आहे.

ठरावाला अनुमोदन मला व्यासपीठावरून नको आहे. ते खाली बसलेल्या बायांनी द्यावं. आणि पाळणाघरात काय असायला हवं, तेही आत्ताच, या माईकवर येऊन सांगावं.