हट्टी नटाची समजूत



जुनी मोटार पुन्हां चालती करूं पाहणाऱ्या गृहस्थाची पहिली गांठ इंजिनाशीं पडत नाहीं. ती पडते एखाद्या गंजलेल्या नटाशीं. पाना लावावा, सर्व बळ एकवटावें, आणि नटानें जागचें हलूं नये! मग राग येतो, हातोडीचा घाव बसतो आणि बोल्ट तुटून अर्धा आंत राहतो. दहा मिनिटांचें काम दहा दिवसांवर जातें. या हट्टी नटाची समजूत कशी काढावी, हा आजचा विषय आहे.

विषय क्षुल्लक नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट, जिचें पुढें पद्मिनी असें नामकरण झालें, ती आतां निघत नाहीं. अँबॅसडरचें उत्पादनही २०१४ सालीं थांबलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनीनें निरोप घेतला. ज्यांच्या दारीं वडिलांच्या हातची अशी गाडी उभी आहे, त्यांना मोडलेला भाग भंगार धुंडाळूनच मिळवावा लागतो, आणि तो मिळेलच असें नाहीं.

नट अडकतो कां, तें आधीं पाहूं. गंज हा ज्या लोखंडापासून होतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फट ती केवढी! तींत गंज फुगून पाचरीसारखा बसतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र असून त्यांत खारी ओल शिरली, तर ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी फटींत साचते. कोंकणपट्टीच्या हवेंत हें लवकर घडतें. शत्रु फटींत बसला आहे, हें ध्यानांत आलें म्हणजे नुसत्या जोराचा उपयोग कां होत नाहीं, हें उमगतें.

पहिली गोष्ट, नट खरोखर अडकला आहे काय, याची खात्री करावी. डॉज, प्लिमथ इत्यादि क्रायस्लर कंपनीच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असत. असा नट नेहमींच्या दिशेनें सोडवूं जाणारा मनुष्य त्यास अधिकच आवळीत असतो!

मग तारेच्या ब्रशानें उघडे आटे स्वच्छ करावे आणि गंजांत झिरपणारें पातळ तेल सोडून रात्रभर थांबावें. सकाळीं बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके द्यावे. त्यांनीं गंजास तडे जातात व तेलास वाट मिळते. नेमका बसणारा षट्‌कोनी पाना घ्यावा. सैल पान्यानें नटाचे कोपरे झिजतात. प्रथम नट किंचित् आवळावा, मग सोडवावा. हलूं लागल्यावरही पुढें-मागें करीत, तेल देत काढावा.

तेल हरलें, तर उष्णतेची पाळी. शंभर अंशांनीं तापविल्यास शंभर मिलिमीटर लांबीचें पोलाद सुमारें ०.१२ मिलिमीटर वाढतें, तर तेवढेंच ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. म्हणून ॲल्युमिनियमांत रुतलेला पोलादी बोल्ट असेल, तर भोंवतालचा भाग तापवावा. भोंक मोठें होऊन पकड सुटते. परंतु पेट्रोलची टांकी, नळ्या आणि रबर यांच्या आसपास ज्योत नेऊं नये. तेल मारल्यावर लगेच, किंवा ब्रेक धुण्याचें रसायन वापरलेल्या जागींही नेऊं नये. कांहीं रसायनांत क्लोरिन असतो व त्यांतून तापल्यावर विषारी वायु निघतो. मोटार वांचवितांना माणूस गमावणें हा कोणता हिशेब?

वर्षानुवर्षें उभ्या गाडीचें इंजिनच जाम झालेलें असतें. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजून चिकटतात. अशी गाडी गिअरांत घालून दुसऱ्या गाडीमागें ओढण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो ऐकूं नये. त्यानें कड्या मोडतात, पिस्टनचा दांडाही वांकतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल ओतावें, आठ-दहा दिवस वाट पाहावी आणि मग हातानेंच दोन्हीं दिशांना हळूहळू फिरवून पाहावें. रोज केसभर हललें, तरी समाधान मानावें.

इतकें करूनही बोल्ट तुटलाच, तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेनें गंजाची पकड ढिली होते आणि पाना लावण्यास डोकेंही मिळतें. हें काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावें.

शेवटीं, जोडणी करतांना आट्यांस तांबेयुक्त ग्रीस लावावें. मात्र नट आवळतांना जोर थोडा बेतानें करावा, कारण ग्रीसमुळें तो सहज अधिक आवळला जातो. आपण ज्या नटाशीं झगडलों, त्यास कोणीं तरी कोरडाच बसविला होता. आपल्यामागून जो कोणी हा नट सोडवील, तो आपलें नांव जाणणार नाहीं. पण त्याचा पाना पहिल्या झटक्यास फिरेल. एवढी सोय मागें ठेवणें आपल्या हातीं आहे.