झऱ्याचे पाणी : नितळ आणि शुद्ध



काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, दहाबारा विद्यार्थी बरोबर घेऊन मी सह्याद्रीच्या माथ्यावरील एका वाडीत गेलो होतो. चढ चढून घसा कोरडा पडला होता. एका आजीबाईंनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "घ्या मास्तर, आमच्या झऱ्याचं पाणी हाय. बघा कसं काचेवानी दिसतंय!" पाणी खरोखरच नितळ होते. आम्ही पोटभर प्यालो. मग त्याच झऱ्याचे थोडे पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो काय, बाटलीतले पाणी काळेकुट्ट!

ही चाचणी आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाण्यात माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातले जंतू असले, तर एकदोन दिवसांत पाणी काळे पडते. आजीबाई बाटलीकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "पावसाच्या तोंडाला पोरांस्नी जुलाब लागत्यात, ते आमी हवेवर ढकलत होतो. मग आता ह्यो झरा सोडून द्यायचा व्हय?"

प्रश्न मोठा रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे, तर झऱ्याला पाणी येते कोठून, हे आधी पाहिले पाहिजे.

आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक साचले. काही थर भेगाळलेले आणि सच्छिद्र, तर काही अगदी घट्ट. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, घट्ट थर लागला की आडवे सरकते, आणि डोंगराच्या कुशीत जेथे वाट मिळेल तेथे बाहेर पडते. तोच आपला झरा. कृष्णा-कोयनेसारख्या नद्यांच्या माथ्याकडील ओढ्यांत पावसाळ्यानंतर जे पाणी वाहते, ते बहुतांशी अशाच झऱ्यांचे असते.

आता यातली मेख पाहा. जाड मातीतून सावकाश मुरलेले पाणी पुष्कळसे गाळून निघते. खडकाच्या भेगेतून झपाट्याने आलेले पाणी तसे गाळले जात नाही. वर गोठा असेल, शौचालयाचा खड्डा असेल, तर त्यातली घाण पहिल्या पावसाबरोबर खाली येऊ शकते. गाळ दिसतो, जंतू दिसत नाहीत. त्या वाडीतही झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरांचा गोठा होता.

म्हणून झरा सोडायचा नाही. त्याचा माथा सांभाळायचा. पाणी मुरते ती जागा नेमकी झऱ्याच्या डोक्यावरच असते असे मात्र नाही. थरांचा उतार पलीकडून अलीकडे असेल, तर ती डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही सापडते. जाणकाराकडून ती शोधून घ्यावी, तेथे उकिरडा वा खड्डा होऊ देऊ नये, आणि पाणी जिरावे म्हणून चर खणावेत. सिक्कीम राज्यात २००८ पासून 'धारा विकास' या नावाने हेच काम झाले. तेथे झऱ्याला धारा म्हणतात. डोंगरमाथ्यावर चर खणल्यावर तिथल्या कित्येक धारांचे उन्हाळी पाणी वाढले.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे आपली गरज आहे. पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ एवढ्यावर संशोधन सुरू होते. बादली एका मिनिटात भरली, तर दिवसाचे पाणी झाले २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले, तर ते ३९२ माणसांना पुरते. तीच बादली मे महिन्यात भरायला पाच मिनिटे लागली, तर दिवसाला ४,३२० लिटर, म्हणजे जेमतेम ७८ माणसांचे पाणी. तेही रात्रीचे पाणी टाकीत साठवले तरच! मुलांकडून दर महिन्याला हे मोजमाप करून घ्या आणि शाळेच्या भिंतीवर लिहा. दोनतीन वर्षांत आपला झरा आटतो आहे की टिकतो आहे, हे साऱ्या गावाला दिसेल.

आणि तपासणीच्या बाटल्या ग्रामपंचायतीकडे मागा. पावसाळ्याच्या आरंभी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, अशी निदान दोनदा तपासणी करा. वाहत्या झऱ्यात औषध टाकून उपयोग नाही, ते वाहून जाते. जलसुरक्षकाने टीसीएल पावडर टाकीतल्या पाण्यात प्रमाणाने घालावी. तोवर घरी पिण्याचे पाणी खळखळून उकळावे.

त्या वाडीने गोठा खालच्या अंगाला हलवला. झऱ्याला बांधीव टाकी केली. पुढे आम्ही गेलो, तेव्हा आजीबाईंनी पुन्हा तांब्या पुढे केला. पण या खेपेला आधी म्हणाल्या, "बाटली आणलीया न्हवं? आदी ती भरा, मग प्या."