पुतळ्यातला दुसरा माणूस

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इंजिनिअर आहेस, कॉम्प्युटरवर काहीतरी बोल." मी म्हटलं, त्यावर बोलले तर जेवणाआधीच अर्धा हॉल झोपेल. म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. पहिल्या रांगेत आपल्या पीटीच्या बाई हसताहेत. खो-खोत मी किती वेळ टिकायचे हे त्यांच्या चांगलं लक्षात आहे!

२०११ साली कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष इंग्लंडमधल्या डर्बी शहरात होते. सोमवारी सकाळी ऑफिसात फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसायचा, त्यामुळे चहाच्या वेळी गप्प बसायचं नसेल तर शिकणं भाग होतं. तिथल्या स्टेडियमबाहेर एक ब्राँझचा पुतळा आहे, २०१० साली बसवलेला. त्यात दोन माणसं आहेत. एक ब्रायन क्लफ, संघाचा मॅनेजर. दुसरा पीटर टेलर, त्याचा सहायक. डर्बीपासून पंचवीसेक किलोमीटरवर नॉटिंगहॅम शहर आहे. तिथेही क्लफचा पुतळा आहे, पण एकट्याचा. या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याला नावही एकट्या क्लफचं. तेव्हा हा दुसरा माणूस कोण, असं मी ऑफिसात विचारलं आणि पुढचे दोन महिने मला उत्तरं मिळत राहिली.

फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्या ऑफिसातला मॅनेजर नव्हे. कोणाला संघात घ्यायचं, कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, हे सगळं तो ठरवतो. जिंकलं तर फोटो त्याचा, हरलं तर नोकरी त्याची. पण त्याच्या मागे एक फळी असते. आजकाल ती फार मोठी झाली आहे. गोलकीपरचा प्रशिक्षक वेगळा, कॉर्नर किकचा वेगळा, सामन्यांचे व्हिडिओ बघणारे वेगळे. लिव्हरपूलने तर २०१८ साली बाहेर गेलेला चेंडू हाताने आत कसा फेकावा, एवढंच शिकवायला एक माणूस नेमला. क्लफच्या काळात हे काही नव्हतं. त्याची मागची फळी म्हणजे मुख्यतः पीटर टेलर.

दोघांची ओळख १९५५ सालची, मिडल्सब्रोच्या संघातली. क्लफ गोल करणारा, टेलर गोल अडवणारा. गुडघ्याच्या दुखापतीने क्लफचं खेळणं संपलं आणि १९६५ साली वयाच्या तिसाव्या वर्षी तो हार्टलपूल्स नावाच्या एका गरीब क्लबचा मॅनेजर झाला. टेलर तेव्हा दुसऱ्या एका लहान क्लबचा मॅनेजर होता. चालू नोकरी सोडून तो क्लफचा सहायक म्हणून आला. क्लबला सहायक परवडत नव्हता, म्हणून कागदोपत्री तो ट्रेनर. खेळाडू पडला की बादली आणि ओला स्पंज घेऊन मैदानात धावायचं, हे त्याचं अधिकृत काम.

त्याचं खरं काम माणसं पारखण्याचं. १९६७ साली दोघे डर्बीला आले तेव्हा संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. टेलरने खालच्या डिव्हिजनमधला एकोणीस वर्षांचा एक बचावपटू हेरला, रॉय मॅकफार्लंड. हे दोघे रात्री त्याच्या घरी धडकले, त्याला झोपेतून उठवलं आणि सही घेऊनच उठले. पाच वर्षांत, १९७२ साली, डर्बी इतिहासात पहिल्यांदाच इंग्लंडचा विजेता झाला आणि तो मुलगा त्या संघाचा कणा होता.

पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये असताना टेलरची नजर केनी बर्न्सवर गेली. आडदांड खेळाडू, आणि कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे उडवतो अशी बोलवा. टेलर टोपी आणि काळा चष्मा चढवून त्याच शर्यतीला जाऊन बसला. बर्न्स बेताचेच पैसे लावतो हे डोळ्यांनी बघितलं, मगच १९७७ साली त्याला घेतलं. पुढच्या फळीत खेळणाऱ्या या माणसाला फॉरेस्टने बचावात उभं केलं. वर्षभरात तिथल्या क्रीडा पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडलं.

टेलरची आणखी दोन कामं होती. सामन्याआधी सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला असताना तो खेळाडूंना हसवायचा. आणि क्लफचं चुकत असेल तर तसं तोंडावर सांगायचा. क्लफला दुसरं कोणी तसं सांगू शकत नव्हतं. आमच्या धंद्यातही अशी माणसं असतात. नवं सॉफ्टवेअर बाहेर सोडायच्या आदल्या रात्री टेस्टिंगमधली मुलगी हळूच म्हणते, "मॅडम, उद्या नका सोडू." त्या क्षणी तिचा राग येतो. महिन्याभराने कळतं की तिने आपली अब्रू वाचवली.

क्लफला हे कळत होतं. तो म्हणायचा, मी दुकानाची दर्शनी काच, माल मागे टेलरकडे आहे. १९७४ साली तो टेलरशिवाय लीड्स या बलाढ्य क्लबमध्ये गेला, तिथे चव्वेचाळीस दिवसांत त्याला नारळ मिळाला. १९७६ साली टेलर फॉरेस्टमध्ये त्याच्याकडे परतला. १९७७ला संघ वरच्या डिव्हिजनमध्ये आला, १९७८ला इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८०, लागोपाठ दोन वर्षं युरोपचा. आजही तिथले लोक हे आकडे आपण पाढे म्हणावेत तसे म्हणतात.

आणि मग ते तुटलं. १९८० साली टेलरने दोघांवर पुस्तक लिहिलं, क्लफला न सांगता. तो दुखावला. १९८२ साली टेलर निवृत्त झाला आणि काही महिन्यांतच डर्बीचा मॅनेजर म्हणून परत आला. १९८३ साली त्याने क्लफचा एक लाडका खेळाडू डर्बीला नेला. क्लफ तेव्हा मदतनिधीसाठीच्या पदयात्रेवर होता. टेलरने त्याला आधी साधा फोनही केला नाही. त्यानंतर दोघे एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. सात वर्षं. १९९० साली टेलर गेला. क्लफ अंत्यविधीला गेला. पुढे त्याने आपलं आत्मचरित्र टेलरला अर्पण केलं. पण ते वाचायला टेलर नव्हता.

हे सगळं ऐकून मी घरी आले, त्या रात्री मला आपली नववी आठवली.

तुम्हाला पाण्याची टाकी भरली की वाजणारं ते यंत्र आठवत असेल. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. व्यासपीठावर मी गेले, प्रमाणपत्रावर माझं नाव, फोटोत मी. आज जाहीरपणे सांगते, त्या यंत्रातली एकही वायर मी जोडलेली नाही. सगळं सोल्डरिंग माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने केलं. प्रयोगशाळेतल्या काकांनी शाळा सुटल्यावर रोज एक तास कुलूप उघडं ठेवलं, स्वतःची बस चुकवून. मी फक्त हातात पट्टी घेऊन परीक्षकांना समजावून सांगितलं. पुढे मी इंजिनिअर झाले. ती बारावीनंतर घरच्या दुकानावर बसली. आमचं भांडण कधीच झालं नाही. फक्त दहावीत मी बाक बदलला आणि बोलणं बंद झालं. माझं मन मला खात होतं, म्हणून मी तिला टाळत होते.

डर्बीहून परत आल्यावरही मला चौदा वर्षं लागली. आजचं निमंत्रण आलं तेव्हा तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नंबर घेतला आणि तिला फोन केला. प्रमाणपत्राबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, त्या प्रमाणपत्राचं मला काही नव्हतं. मला तसंही चार लोकांसमोर बोलता आलं नसतं. तू माझ्या बाकावरून उठलीस, ते लागलं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मागच्या माणसाचं देणं म्हणजे श्रेय. नाव घेतलं की फिटलं. पण टेलरला पुतळ्यात जागा मिळाली ती मेल्यावर वीस वर्षांनी. त्याआधीची सात वर्षं एक फोन पुरला असता, दोघांपैकी कोणाचाही.

तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेणार नाही, कारण ती उठून निघून जाईल. प्रयोगशाळेतले काका आज आपल्यात नाहीत, त्यांना सांगायचं राहून गेलं ते कायमचंच.

तुमच्या मागेही कोणी उभं असेल. आज जेवताना सगळे आपापल्या नेहमीच्या घोळक्यात बसू नका. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या शेजारचं ताट घ्या. मी माझी जागा सकाळीच धरून ठेवली आहे.