लाईट गेली तर काय?

आज घरी गेलात की नळाची बारीक धार सोडा आणि चमच्याची फुगीर बाजू तिला हलकेच टेकवा. धार सरळ खाली पडत नाही, चमच्याला चिकटून वळते. हवेची धारही अशीच भिंतीला चिकटते, त्याला कोआंडा परिणाम म्हणतात. आणि याच्यावर चक्क कॉम्प्युटर चाललाय!

कसा? हवेची धार दोन भिंतींच्या मधून सोडायची. ती एका भिंतीला चिकटते, तो झाला शून्य. बाजूनं छोटी फुंकर मारली की दुसऱ्या भिंतीला चिकटते, तो झाला एक. फुंकर थांबली तरी तिथंच राहते, म्हणजे मेमरी आली. वायर नाही, हलणारा भाग नाही. 1964 मध्ये अमेरिकेत युनिव्हॅक कंपनीनं असा फ्लोडॅक नावाचा छोटा कॉम्प्युटर करून दाखवला. पण हवेतला निरोप साधारण आवाजाच्याच वेगानं जातो. विजेपुढे त्याचा काय टिकाव लागणार?

मग आज हे का सांगतोय? माझं गाव एकोडी, भंडारा जिल्हा. धानाचा आणि तलावांचा मुलूख. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या बोडीवर सेन्सर बसवला. पाणी वाढलं की मोबाईलवर मेसेज. बीटेकवाला पोरगा ना! भर पावसात एका रात्री लाईट गेली, मागोमाग टॉवरही गेला. मेसेज आलाच नाही. मी पुण्यात झोपलेलो, आणि बाबा फावडं घेऊन पाळीवर. सांडव्यात काडीकचरा अडकला होता. तो काढला तेव्हा पाळ वाचली आणि खालच्या बांध्यांतला रोवणा वाचला.

सकाळी बाबा एवढंच म्हणाले, "तुयी मशीन झोपली होती बापू. सांडवा जागाच होता."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांडवा म्हणजे आपली इफ कंडिशनच की! पातळी काठाच्या वर गेली तर पाणी सोड. पुण्याजवळ खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये अशीच स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की उघडायची, उतरलं की मिटायची. तिथं पाणीच सेन्सर आणि पाणीच मोटर.

यंदा सेन्सर आहेच, पण मृगाच्या आधी गावी जाऊन सांडवा मी स्वतः साफ केला, तोंडाशी जाळीही लावली. आता निर्णय पाण्याचा, मोबाईल फक्त बातमी देतो.

तुम्हीही काही बनवत असाल तर हा प्रश्न आधी विचारा, लाईट गेली तर काय? भेटू पुढच्या भागात!