एका रविवारचें नाटक

नाटकगृहांत शिरणारा मनुष्य जरा सावध होऊन शिरतो. त्यानें तिकीट काढलेलें असतें, दिवे मालवले जाणार हें त्याला ठाऊक असतें आणि भीतीचा प्रसंग आलाच तर शेजारीं शेंदोनशें माणसें बसलीं आहेत हा आधारही त्याला असतो. आपल्या घरांत, आपल्या खुर्चीवर, हातांत चहाचा पेला घेऊन बसलेल्या मनुष्याची गोष्ट निराळी. तो बेसावध असतो. आज ज्या गृहस्थाविषयीं मी बोलणार आहें त्यानें ही बेसावध अवस्था बरोबर हेरली आणि तिच्यावर आपली सारी कला उभी केली. त्यापायीं 1954 सालच्या डिसेंबरांत ब्रिटिश पार्लमेंटांत त्याच्या एका नाटकाविरुद्ध ठराव मांडण्यापर्यंत मजल गेली. या दूरचित्रवाणी-दिग्दर्शकाचें नांव रुडॉल्फ कार्टियर.

त्याचा जन्म 17 एप्रिल 1904 रोजीं व्हिएन्ना शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. कार्टियर हें आडनांव त्यानें पुढें धारण केलें. आरंभीं तो वास्तुशास्त्र शिकत होता. तें सोडून तो नाट्यशिक्षणाकडे वळला आणि माक्स राइनहार्ट या विख्यात नाट्यदिग्दर्शकाच्या हाताखालीं आला. 1929 च्या सुमारास बर्लिनमधील उफा या मोठ्या चित्रपटसंस्थेंत तो पटकथा लिहूं लागला, आणि 1933 सालीं त्यानें दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट पुरा केला. परंतु त्याच सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आली. कार्टियरनें जर्मनी सोडली. अमेरिकेंत नशीब काढून पाहिलें, तेथें जम बसला नाहीं. 1935 सालीं तो इंग्लंडांत आला. जे मागें राहिले त्यांच्यापैकीं कित्येकांचा, खुद्द त्याच्या आईचाही, नाझींच्या संहारांत अंत झाला.

पुढचीं सतरा वर्षें चांचपडण्यांत गेलीं. एखाददुसऱ्या चित्रपटाची निर्मिती सोडली तर हातीं भरीव असें कांहीं लागलें नाहीं. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा निर्वासित 1952 सालीं बीबीसीच्या दूरचित्रवाणी-नाट्यविभागांत काम मागावयास गेला, तेव्हां विभागप्रमुख मायकेल बॅरी यांना त्यानें तोंडावर सांगितलें कीं, तुमच्या नाटकांना नव्या संहिता हव्यात आणि नवी दृष्टिही हवी. नोकरी मागणाऱ्यानें असें बोलावें हें नवल; ऐकणाऱ्यानें रागावण्याऐवजीं त्याला कामावर घ्यावें हें त्याहून मोठें नवल. परंतु त्याचें म्हणणें खरें होतें. त्या काळीं पडद्यावर दिसे तें बहुतेक रंगभूमीवरचेंच नाटक. तीन भिंतींची बैठकीची खोली, तींत चहा पीत बोलणारीं माणसें, आणि समोर मांडून ठेवल्यासारखा कॅमेरा. कार्टियरला सुदैवानें तेथेंच नायजेल नील हा लेखक भेटला. तोही याच रडगाण्याला कंटाळलेला होता.

हें नाटक कसें होई तें थोडें सांगितलें पाहिजे, नाहींतर कार्टियरच्या धाडसाची कल्पना येणार नाहीं. आपल्या आकाशवाणीच्या नाटकांत नट हातांत संहिता धरून ध्वनिक्षेपकासमोर उभा राहूं शकतो. राजवाड्यांतून रणांगणावर जाण्यास त्याला एका क्षणाची स्तब्धता पुरते. दूरचित्रवाणीच्या नटाला तसें करतां येत नसे. एकाच दालनांत राजवाडा, रस्ता, तुरुंग असे देखावे एकमेकांना खेटून उभे केलेले असत, आणि नाटक त्याच क्षणीं प्रेक्षकांच्या घरीं दिसत असे. एक प्रवेश संपतांच नटानें पाय न वाजवितां, जमिनीवर पसरलेले जाड तार ओलांडून, अंगावरचा कोट बदलीत पुढच्या देखाव्यांत धांव घ्यावयाची. चुकलें तर तें चुकलेलेंच दिसावयाचें. कार्टियरनें यांतून वाट काढली ती अशी कीं, कांहीं दृश्यें अगोदर फिल्मवर घेऊन ठेवावयाचीं आणि तीं नाटकाच्या ओघांत मिसळून द्यावयाचीं. फिल्म चालू असेपर्यंत नटाला पळावयास अवसर मिळे आणि प्रेक्षकाला मात्र उघडें आकाश, पडकीं घरें, माणसांची गर्दी दिसे. खोलीच्या भिंती अशा रीतीनें पडल्या.

1953 च्या जुलै-ऑगस्टमध्यें सहा शनिवारीं या जोडीनें ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही मालिका सादर केली. अंतराळांत गेलेल्या तिघांपैकीं एकच परत येतो आणि हळूहळू त्याचें माणूसपण नाहींसें होऊन तो एका वनस्पतिवत् अक्राळविक्राळ जीवांत पालटत जातो, असें तिचें कथानक. अलेक्झांड्रा पॅलेसमधील जो स्टुडिओ होता त्यांतले कॅमेरे 1936 सालीं, म्हणजे ही सेवा सुरू झाली तेव्हां बसविलेले. शेवटच्या भागांत तो राक्षस वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें दिसावयाचा होता. त्याच ॲबींतला राणीचा राज्याभिषेक 2 जून रोजीं लोकांनीं याच पडद्यावर पाहिला होता. पैसा तर नव्हता. तेव्हां नील आणि त्याची भावी पत्नी ज्युडिथ कर यांनीं हातमोज्यांना पालापाचोळा चिकटविला, ॲबीच्या एका मोठ्या छायाचित्राला भोकें पाडलीं आणि नीलनें त्यांतून आपले हात बाहेर काढून हलविले! एवढ्यावर लक्षावधि लोकांचा थरकाप उडाला. (ज्युडिथ करही लहानपणीं हिटलरच्या भयानें बर्लिन सोडून आलेली, पुढें मुलांसाठीं लिहिणारी लेखिका म्हणून तिचें मोठें नांव झालें.) या मालिकेचे पहिले दोनच भाग आज शिल्लक आहेत. पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून ते टिपून घेतले होते. दुसऱ्या भागाच्या वेळीं एक कीटक त्या पडद्यावर येऊन बसला, तो अजूनही तसाच दिसतो. नक्कल चांगली उतरत नाहीं म्हणून पुढचे चार भाग टिपलेच नाहींत.

आणि मग तो रविवार आला, 12 डिसेंबर 1954. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन पांच वर्षें झालीं होतीं, आणि लेखक तर 1950 सालींच निवर्तले होते. ऑर्वेल हे आपल्याला अगदींच परके नव्हत. त्यांचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा. महायुद्धांत 1941 ते 1943 या काळांत ते बीबीसीच्या पौर्वात्य विभागांत हिंदुस्थानासाठीं कार्यक्रम तयार करीत होते, आणि त्यांनीं लिहिलेलीं वार्तापत्रें भाषांतरित होऊन ज्या भाषांतून प्रक्षेपित होत त्यांत मराठीही होती. ज्या राज्यांत भिंतीवरचा पडदा माणसावर पाळत ठेवतो, विचार करणें हाच अपराध ठरतो आणि खुद्द भाषा कातरून लहान केली जाते, त्याची ती कथा. नीलनें तिचें नाट्यरूपांतर केलें. विन्स्टनची भूमिका पीटर कुशिंगनें, ज्यूलियाची इव्हॉन मिचेलनें आणि ओब्रायनची आंद्रे मोरेलनें केली. सुमारें दोन तासांचें नाटक, बावीस नट, अठ्ठावीस देखावे. कार्टियरला संगीत मुद्रित नको होतें. म्हणून शेजारच्या दालनांत वादकांचा ताफा बसविला होता आणि संगीतकार जॉन हॉचकिस समोरचें चित्र पाहत त्यांना सूचना देत होता.

त्या वेळीं इंग्लंडांत दूरचित्रवाणीची दुसरी वाहिनीच नव्हती. पाहणें नाहींतर बंद करणें, एवढेच दोन मार्ग. सिनेमाच्या पडद्यावरून जें पाहवतें तें घरच्या छोट्या पडद्यावरून का पाहवत नाहीं, याचा विचार कार्टियरनें पुष्कळ केला होता. खोलींत एकटा बसलेला मनुष्य आणि हातभर अंतरावरून सरळ त्याच्याकडे पाहणारे नटाचे डोळे, यांच्यामध्यें कोणी नसतें. असा प्रेक्षक सर्वस्वीं आपल्या ताब्यांत असतो, असें त्यानें पुढें लिहिलेंही. शेवटच्या छळाच्या प्रवेशांत, उंदरांचा पिंजरा विन्स्टनच्या तोंडापाशीं आणला जातो तेव्हां, कुशिंगचा चेहरा त्यानें तितक्याच जवळून दाखविला.

दुसऱ्या दिवसापासून गहजब उडाला. तक्रारींचा पाऊस पडला. नाटक पाहतां पाहतां एक स्त्री मरण पावल्याची बातमी एका वृत्तपत्रानें ठळक मथळ्यानें छापली. पार्लमेंटांत कांहीं सभासदांनीं, रविवारच्या रात्रीं बीबीसी लोकांच्या क्रूर आणि हीन अभिरुचीस खतपाणी घालते, अशा अर्थाचा ठराव मांडला. इतरांनीं त्याला उलट उपसूचना दिल्या. हें नुसतें भाबड्या लोकांचें भय होतें असें मी म्हणणार नाहीं. घरांत मुलें असतात, म्हातारीं असतात. न बोलावतां आलेल्या पाहुण्यानें कोणती गोष्ट काढावी, याला कांहीं मर्यादा असावी असें वाटणें गैर नव्हे. परंतु ज्या मनुष्याची आई अशाच एका राज्यानें मारली, त्यानें सौम्य शब्दांत ही गोष्ट सांगावी अशी अपेक्षा करणें हें मात्र मला गैर वाटतें.

खरा प्रश्न गुरुवारचा होता. रविवारचें नाटक गुरुवारीं पुन्हां करण्याची तेव्हां पद्धति असे. आणि पुन्हां करणें म्हणजे नक्कल दाखविणें नव्हे, सारे नट पुन्हां येऊन संबंध नाटक आरंभापासून अखेरपर्यंत वठवीत. तें रद्द करावें म्हणून बीबीसीवर दडपण आलें. तशांत राणीचे पति प्रिन्स फिलिप यांनीं एका समारंभांत बोलतांना, आपण व राणीसाहेबांनीं नाटक पाहिलें आणि तें आवडलें, असें सांगितलें. त्याचा उपयोग झाला असावा. बीबीसी हटली नाहीं. 16 डिसेंबरच्या रात्रीं स्वतः मायकेल बॅरी पडद्यावर आले, दुबळ्या मनाच्या प्रेक्षकांना त्यांनीं सावध केलें, आणि नाटक पुन्हां झालें. सुमारें सत्तर लक्ष लोकांनीं तें पाहिलें. राज्याभिषेकानंतर एवढा प्रेक्षकवर्ग कोणत्याही कार्यक्रमाला मिळाला नव्हता.

यानंतर कार्टियरनें आणखी वीस वर्षें काम केलें. एकूण शंभराहून अधिक कृति त्याच्या नांवावर आहेत. क्वाटरमासच्या आणखी दोन मालिका झाल्या, ‘सालोमे’ आणि ‘कार्मेन’ या संगीतिका झाल्या, 1961 च्या ‘आना कारेनिना’मध्यें शॉन कॉनरी हा तेव्हां फारसा प्रसिद्ध नसलेला नट त्यानें क्लेअर ब्लूमसमोर उभा केला. भव्यतेचा त्याला सोस होता, आणि तो दर वेळीं नाटकाच्या हिताचाच ठरला असें नाहीं. परंतु 1962 सालीं त्यानें यानुश कोर्चाक यांच्यावरील नाटक घेतलें. वॉर्सा येथील अनाथ मुलांना सोडून स्वतःचा जीव वांचविण्याचें नाकारून जे त्यांच्याबरोबर मृत्यूकडे चालत गेले, तेच हे डॉक्टर. त्या मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस त्यांनीं त्या मुलांकडून रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ करवून घेतलें होतें. अशा विषयाकडे तो पुनःपुन्हां वळे. ज्या देशानें आश्रय दिला त्या देशाच्या लोकांना, समुद्रापलीकडे काय घडलें तें त्यांच्या घरांत नेऊन दाखविण्याचा त्यानें जणूं पणच केला होता.

7 जून 1994 रोजीं त्याचें निधन झालें. त्याच दिवशीं डेनिस पॉटर हा गाजलेला दूरचित्रवाणी-नाटककार वारला, आणि वृत्तपत्रांचे रकाने साहजिकच पॉटरनें भरून गेले. पुढच्या महिन्यांत बीबीसीनें ‘नाइन्टीन एटी-फोर’ पुन्हां दाखविलें; 2022 सालीं तें स्वच्छ करून घरीं पाहण्यासाठीं विक्रीसही आलें. या सर्व वेळीं लोकांनीं पाहिला तो गुरुवारचा प्रयोग. तो तेवढा फिल्मवर टिपला होता. ज्या रविवारच्या प्रयोगानें एवढें वादळ उठविलें, तो कोणीच टिपून ठेवला नव्हता.