वयाचा रकाना
(कवठे महांकाळ इथे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



२८ फेब्रुवारी हा रामन यांच्या शोधाचा दिवस. शोध १९२८ चा, नोबेल १९३० चं. याच रामन यांच्याकडे १९३३ साली, मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत बंगलोरला गेली, तेव्हा मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. ती हटली नाही. मग वर्षभर अजमावून बघण्याच्या अटीवर तिला घेतलं. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली त्या ह्याच कमलाबाई सोहोनी. रामन मोठे होतेच. आज त्यांना हार घालताना हेही आठवावं, एवढंच.

मला पुरस्कारांबद्दल बोलायचंय. माझा विषय जीवभौतिकी. नाव जड आहे, काम तसं सांगता येतं. हाड मोडलं की आपण मिरजेला जाऊन फोटो काढतो ना? तेच क्ष-किरण शरीरातल्या एखाद्या रेणूच्या स्फटिकावर किंवा धाग्यावर सोडायचे आणि फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली रचना गणिताने शोधायची.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन हेच करत होती. १९५२ च्या मे महिन्यात तिच्या देखरेखीखाली गॉस्लिंग या विद्यार्थ्याने डीएनएचा ‘फोटो ५१’ काढला. पुढच्या जानेवारीत तिच्या नकळत विल्किन्सने तो वॉटसनला दाखवला. १९५८ साली ती कर्करोगाने गेली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. मेलेल्या माणसाला ते देत नाहीत, हे खरं. पण जिवंतपणी तरी तिच्या कामाचं श्रेय तिला कुणी दिलं होतं?

अमेरिकेतल्या बायोफिजिकल सोसायटीने १९८४ पासून मार्गारेट डेहॉफच्या नावाने एक पुरस्कार सुरू केला. प्रथिनांच्या रचनेची माहिती एकत्र करून १९६५ साली तिने त्यांचा कोश काढला होता. हा पुरस्कार फक्त बायकांना, आणि तोही नाव झालेल्या बाईला नाही, अजून नाव व्हायचंय अशा बाईला. मला पूर्वी वाटायचं, हा काय लोकलमधला बायकांचा डबा! आता तसं वाटत नाही. उभं राहायला जागाच नसेल तर डबा लागतो.

आपल्याकडचं बघा. भटनागर पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. १९६१ साली असीमा चटर्जींना मिळाला; दुसरी बाई यायला १९७५ उजाडलं. वयाची अट पंचेचाळीस. २०२४ साली राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले, त्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या गटालाही पंचेचाळीसच. पुरुषाला वाटेल, भरपूर झालं की!

माझं सांगते. बाविसाव्या वर्षी एमएस्सी, मग लग्न, दोन बाळंतपणं, सासूबाईंना अर्धांगवायू. बारा वर्षांनी पुन्हा प्रयोगशाळेचं दार उघडलं. एका फेलोशिपचा फॉर्म भरेपर्यंत पस्तिशी दोन महिन्यांनी उलटली होती. खिडकीवरचा कारकून म्हणाला, “बाई, जरा आधी यायचं होतं.” मी काही बोलले नाही. आजही त्याचं उत्तर जुळवत असते.

कमलाबाईंचा १९९८ साली दिल्लीत सत्कार झाला. वय ऐंशीच्या पुढे. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. आयुष्यभराचं कौतुक असं शेवटी एकदम करायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

आपण एक पत्र लिहिलंय. मागणी मोठी नाही. वयाच्या रकान्याखाली आणखी एक ओळ छापा: बाळंतपणात, मुलांच्या संगोपनात, आजाऱ्याच्या सेवेत किती वर्षं गेली? तेवढी वर्षं वयातून वजा करा. द्राक्षांच्या बागेतून कामावरून थेट आलेल्या बायकांनो, तुम्हीही सही करा. तुमच्या मुली बीएस्सीला आहेत. कागद मागच्या टेबलावर आहे. ज्यांना एसटी गाठायचीय त्यांना आधी करू द्या.